ठरावाचा पत्ता : रोहिंग्या आणि बाहेरचे खासदार

हे व्याख्यान पेण आणि रोहा अशा दोन ठिकाणी, दोन बैठकांत झालं. जे ऑनलाइन ऐकतात आणि वाचतात त्यांच्यासाठी दोन्हींचं मिळून हे एक शब्दांकन. पुनरुक्ती काढली आहे, बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.

विषय जाहीर झाल्यावर काही कपाळांवर आठ्या पडल्या, त्या व्यासपीठावरून दिसतात बरं का. रोहिंग्या कुठले, तर आराकानचे. आणि आपण बसलोय कुंडलिकेच्या काठी. याचा आपल्याशी संबंध काय? संबंध आहे, तो पुढे येईल. पण आधी एक स्पष्ट करतो. मला आज रोहिंग्यांचा इतिहास सांगायचा नाही. मला परीक्षण करायचं आहे एका वाङ्मयप्रकाराचं. एका देशात माणसं मारली जातात आणि दुसऱ्या देशाचे लोकप्रतिनिधी त्यावर ठराव करतात. ठराव हेसुद्धा लेखनच. त्यात शब्दांची निवड असते, मुद्दाम गाळलेल्या जागा असतात, आणि एक अपेक्षित वाचक असतो. कविता-कादंबरीची समीक्षा आपण करतो, ठरावाची करत नाही. टाळ्या वाजवतो किंवा दुर्लक्ष करतो. मला वाटतं, समीक्षा करावी. आणि तिचा पहिला प्रश्न असावा : या ठरावाच्या पाकिटावर पत्ता कोणाचा आहे?

थोडक्यात घटना सांगतो. म्यानमारच्या पश्चिम किनाऱ्यावर राखाइन प्रांत आहे, जुनं नाव आराकान. तिथल्या मुसलमान समाजातले हे रोहिंग्या. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांच्यापैकी बहुतेकांना नागरिकत्वाच्या बाहेर ठेवलं. २५ ऑगस्ट २०१७ रोजी ‘आरसा’ नावाच्या सशस्त्र गटाने सुमारे तीस पोलीस चौक्यांवर हल्ले केले. याच गटाने त्या दिवसांत तिथल्या हिंदू खेडुतांचीही कत्तल केली, असं ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१८ मध्ये नोंदवलं आहे. हे लपवायचं काही कारण नाही. पण त्यानंतर लष्कराने जे केलं, ती एका गटाविरुद्धची कारवाई नव्हती. गावंच्या गावं जाळली गेली, बायकांवर अत्याचार झाले, आणि सात लाखांहून अधिक माणसं जीव घेऊन बांगलादेशात पळाली. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने छावण्यांतल्या लोकांना विचारून अंदाज काढला : पहिल्या एका महिन्यात हिंसाचाराने किमान ६,७०० माणसं मेली.

आता कोणी विचारेल, त्यांचे स्वतःचे खासदार कुठे होते? होते ना. श्वे माउंग नावाचे एक रोहिंग्या गृहस्थ २०१० च्या निवडणुकीत म्यानमारच्या संसदेवर निवडून गेले होते, तेही लष्कराच्या मर्जीतल्या पक्षाकडून. २०१५ ला त्यांना पुन्हा उभंच राहू दिलं नाही. आईवडिलांच्या नागरिकत्वाचा मुद्दा काढला. पाच वर्षं जो माणूस कायदे करत होता, तो आता उमेदवार व्हायला अपात्र! त्याच वर्षी लाखो रोहिंग्यांचा मतदानाचा हक्कही गेला. ज्यांना स्वतःच्या देशाच्या संसदेत जीभ उरत नाही, त्यांच्याबद्दल दुसऱ्यांच्या संसदेत बोलावं लागतं. बाहेरच्या खासदाराच्या बोलण्याला नैतिक आधार मिळतो तो इथे. ‘तुम्ही कोण बोलणारे’ या प्रश्नाचं उत्तर एवढंच की, ज्याने बोलायचं त्याचं तोंड बांधलेलं आहे.

आता आपल्याकडे येऊ. ब्रह्मदेश कोकणाला कधीच अगदी परका नव्हता. १८८५ मध्ये इंग्रजांनी पकडलेला तिथला शेवटचा राजा थिबा रत्नागिरीत वारला, १९१६ मध्ये. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते १९०८ ते १९१४. पण मी म्हणतो तो संबंध याहून ताजा आहे. सप्टेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात इंडोनेशियात, बालीतल्या नुसा दुआ इथे, शाश्वत विकासावर जागतिक संसदीय परिषद भरली. अनेक देशांचे लोकप्रतिनिधी होते. भारताच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या लोकसभेच्या तेव्हाच्या अध्यक्षा सुमित्रा महाजन. सुमित्राताई निवडून यायच्या इंदूरहून, पण जन्माने चिपळूणच्या. म्हणजे आपल्या शेजारच्या जिल्ह्याची लेक. ७ सप्टेंबरला ‘बाली जाहीरनामा’ मंजूर व्हायचा होता. त्यात राखाइनमधल्या हिंसाचाराचा उल्लेख आला. भारतीय शिष्टमंडळाने त्या जाहीरनाम्यापासून स्वतःला वेगळं काढलं. कारण असं दिलं की, परिषद शाश्वत विकासाची आहे, एका देशाचं नाव घेणं इथे अप्रस्तुत आहे आणि त्यावर एकमत झालेलं नाही.

हे कारण टाकून देण्यासारखं नाही. गांभीर्याने तपासू. त्यात दोन युक्तिवाद आहेत. पहिला पद्धतीचा : एकमत नसताना मजकूर घातला. हा मान्य होण्यासारखा आहे. सभेचे नियम सगळ्यांसाठी असतात. पण पद्धतीवर आक्षेप असेल तर पद्धतीवर आक्षेप नोंदवता येतो आणि त्याच दमात माणसं मरताहेत याचं दुःखही व्यक्त करता येतं. दुसरा युक्तिवाद प्रस्तुततेचा : विकासाच्या चर्चेत कत्तल कशाला? इथे मात्र अडचण आहे. ज्या शाश्वत विकास उद्दिष्टांसाठी परिषद भरली होती, ती संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेली सतरा उद्दिष्टं. त्यातलं सोळावं उद्दिष्टच मुळी शांतता, न्याय आणि सक्षम संस्था हे आहे. आणि सगळ्या सतरांचं मिळून ब्रीद काय, तर कोणालाही मागे ठेवायचं नाही. ज्या आठवड्यात लाखो माणसं चिखलातून सीमा ओलांडताहेत, त्या आठवड्यात ही उद्दिष्टं घेऊन बसलेल्या सभेला तोच विषय अप्रस्तुत कसा?

मग खरं कारण काय असावं? त्याच दिवसांत, ५ ते ७ सप्टेंबर, आपले पंतप्रधान म्यानमारच्या दौऱ्यावर होते. ईशान्येकडची लांब सीमा आहे, तिथले बंडखोर सीमेपलीकडे आसरा घेतात. सितवे बंदर आणि कलादान मार्ग भारत बांधत होता, आणि सितवे आहे राखाइनमध्येच. शिवाय आपण दूर झालो तर ती जागा चीन घेणार. ही कारणं खोटी नाहीत. परराष्ट्र मंत्रालयाने ती विचारात घेतलीच पाहिजेत, नाहीतर ते त्यांच्या कामात कसूर करतील.

पण माझा मुद्दा इथेच सुरू होतो. ही कारणं सरकारची आहेत. संसदेची कशी झाली? राजदूत आणि खासदार ही दोन वेगळी कामं आहेत. राजदूताला समोरच्याशी उद्या पुन्हा बोलायचं असतं, म्हणून तो आज जीभ आवरतो. खासदाराला लोकांनी निवडून दिलेलं असतं ते सरकारला प्रश्न विचारण्यासाठी. प्रगल्भ देशाला दोन आवाज असतात : एक व्यवहाराचा, एक विवेकाचा. मंत्री म्हणू शकतो, ‘आमच्या संसदेत फार अस्वस्थता आहे हो, आम्हाला काहीतरी करावंच लागेल.’ म्हणजे संसदेचा वेगळा आवाज सरकारलाही उपयोगी पडतो. बालीमध्ये आपल्या लोकप्रतिनिधींनी राजदूताचीच भाषा बोलली. त्यामुळे सरकारला काही जादा मिळालं असं मला दिसत नाही. देशाचा दुसरा आवाज मात्र त्या दिवशी गप्प झाला.

कोणी म्हणेल, ‘सर, परक्या देशाच्या अंतर्गत बाबीत आपण बोलत नाही, हे भारताचं जुनं धोरण आहे.’ जुनं आहे, पण सरसकट नाही. ३१ मार्च १९७१ रोजी आपल्या संसदेने पूर्व बंगालवर ठराव केला. इंदिरा गांधींनी तो मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. पाकिस्तानी लष्कर तिथे जे करत होतं त्याला त्या ठरावात थेट वंशसंहाराच्या पंक्तीला बसवलं होतं. ढाक्यातली लष्करी कारवाई सुरू झाली २५ मार्चच्या रात्री. म्हणजे सहा दिवस! न्यायालयाचा निकाल नाही, चौकशी समिती नाही. तरी आपण बोललो.

आणि नुसते बोललो नाही. सुमारे एक कोटी निर्वासित आले, त्यांना ठेवून घेतलं. इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल, १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचं एक जादा तिकीट लावावं लागायचं, निर्वासितांच्या मदतीसाठी. केंद्रात अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. रोह्याच्या टपाल कार्यालयातून मुंबईच्या चाकरमान्याला पाठवलेल्या पाकिटावरसुद्धा ते तिकीट असायचं. दिल्लीतला ठराव पेण-रोह्याच्या पाकिटापर्यंत आला, तो असा. त्या ठरावाचा पत्ता इस्लामाबादचा होताच, पण त्याहून जास्त तो आपल्या स्वतःचा होता. आम्ही अमुक बोललो आहोत, तर आता आम्हाला अमुक करावं लागेल, असा.

याला प्रतिवाद आहे, तोही सांगतो. १९७१ मध्ये आपला स्वार्थ आणि आपली नीती एकाच दिशेला होती. २०१७ मध्ये विरुद्ध दिशांना. बरोबर आहे. पण म्हणूनच २०१७ ची परीक्षा जास्त खरी. वाऱ्याच्या दिशेने होडी कुणीही नेतं. त्याच १९७१ चं दुसरं उदाहरण बघा. अमेरिकेचं सरकार तेव्हा पाकिस्तानच्या पाठीशी होतं. सिनेटर एडवर्ड केनेडी ऑगस्टमध्ये भारतातल्या निर्वासित छावण्यांत स्वतः फिरले आणि परत जाऊन त्यांनी अहवाल मांडला. त्यात बोट होतं ते वॉशिंग्टनकडे, आपल्याच सरकारच्या मदतीकडे आणि शस्त्रांकडे. याह्या खानांना चार शिव्या घालून केनेडींना मोकळं होता आलं असतं. त्यांनी पत्ता बरोबर लिहिला.

आता बाजू पालटू. आपण बळी आणि परकी संसद श्रोता, असंही घडलं आहे, आणि ते आपल्या पुण्यात. १८९७ चा प्लेग. रँडसाहेबाच्या कारकिर्दीत गोरे सोजीर घरोघर झडती घेत होते. देवघरं, माजघरं, बायकांच्या खोल्या, काही सोडलं नाही. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडात होते. पुण्याहून त्यांना पत्रं जात होती. त्या आधारावर त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये निवेदन दिलं आणि काही पार्लमेंट सदस्यांपुढेही विषय मांडला. बायकांवर बलात्कार झाल्याचा आरोपही त्यात होता. पंडिता रमाबाईंनीही प्लेगच्या व्यवस्थेबद्दल त्याच सुमारास जाहीर तक्रार केली होती.

पार्लमेंटने काय केलं? भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्याकडे विचारणा केली. म्हणजे ज्यांच्या कारभाराबद्दल तक्रार, त्यांनाच विचारलं, ‘हे खरं आहे का?’ उत्तर काय येणार! सपशेल नकार आला. इकडे रँडचा खून झालेला, टिळकांना राजद्रोहाखाली अटक, नातू बंधूंना खटल्याशिवाय स्थानबद्ध केलेलं. अशा वेळी कोणती बाई, कोणता बाप पुढे येऊन नाव सांगणार? गोखले परतले तेव्हा पत्रं पाठवणारेही नावं द्यायला तयार नव्हते. ऑगस्टमध्ये गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्या माफीबद्दल त्यांना आपल्याच लोकांनी पुढे किती वर्षं बोल लावला, हे तुम्हाला ठाऊक आहे.

मला गोखल्यांचा न्याय करायचा नाही. मला त्या पार्लमेंटचं परीक्षण करायचं आहे. तिथे सहानुभूती असलेले सभासद होते. विल्यम वेडरबर्न तर काँग्रेसच्या ब्रिटिश समितीचे अध्वर्यू. पण सभागृहाने पुरावा मागितला, गोळा केला नाही. साक्षीदाराला संरक्षण दिलं नाही. पुरावा आणायची जबाबदारी टाकली ती सर्वांत दुबळ्या माणसावर. आणि ज्या सरकारवर त्या पार्लमेंटचा पूर्ण अधिकार होता, त्याच सरकारचा शब्द अखेरचा मानला. पुणं लंडनपासून दूर होतं, पण पुण्याचा कारभार लंडनच्या अखत्यारीत होता. अखत्यार असून वापरला नाही, हा त्या सभागृहाचा दोष.

हा धागा धरून पुन्हा रोहिंग्यांकडे या. नोव्हेंबर २०१७ मध्ये म्यानमारच्या लष्कराने स्वतःची चौकशी स्वतःच केली आणि स्वतःला निर्दोष ठरवलं. सँडहर्स्टसाहेबांचीच री. फरक इतका की, या वेळी जगाने तिथेच थांबायचं नाकारलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने नेमलेल्या सत्यशोधन पथकाला म्यानमारने आत येऊ दिलं नाही, तर त्यांनी बाहेर पडलेल्या माणसांच्या ८७५ सविस्तर मुलाखती घेतल्या आणि ऑगस्ट २०१८ मध्ये अहवाल दिला. वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्यांवर वंशसंहाराबद्दल खटले चालवावेत असं सांगितलं. बाईने भर चौकात नाव सांगायची गरज उरली नाही; नाव गुप्त ठेवून साक्ष नोंदवण्याची व्यवस्था होती. १८९७ मध्ये गोखल्यांकडे नेमकी हीच व्यवस्था नव्हती. या अहवालामुळे बाहेरच्या संसदांना बोलायला आधार मिळाला.

आणि त्या बोलल्या. कॅनडाच्या हाउस ऑफ कॉमन्सने २० सप्टेंबर २०१८ रोजी एकमताने हा वंशसंहार असल्याचं म्हटलं. आठवड्याभरात आँग सान सू ची यांचं सन्माननीय नागरिकत्व काढून घ्यायचं ठरवलं, सिनेटनेही मग तेच केलं. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने १३ डिसेंबर २०१८ रोजी ३९४ विरुद्ध १ मतांनी वंशसंहार हा शब्द वापरला. तेच नाव अमेरिकी सरकारने अधिकृतपणे उच्चारलं ते मार्च २०२२ मध्ये. मधे सव्वातीन वर्षं गेली.

इथे तत्त्वज्ञानातली एक गोष्ट उपयोगी पडते. जे. एल. ऑस्टिन नावाचा ऑक्सफर्डचा तत्त्ववेत्ता सांगून गेला की, काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती कृतीच असतात. ‘सभा तहकूब झाली’ हे अध्यक्षाने म्हटलं की सभा तहकूब होते. तेच मागच्या बाकावरच्या माणसाने म्हटलं तर हशा होतो. म्हणजे वाक्याने कृती घडायला बोलणाऱ्याला अधिकार लागतो. आता या कसोटीवर ठराव लावा. सू चींचं नागरिकत्व रद्द, हे कॅनडाच्या संसदेचं वाक्य कृती आहे, कारण ते नागरिकत्व तिनेच दिलं होतं. पण त्या कृतीने छावणीतल्या कोणाचा एक दिवस सोपा झाला? नाही. दिलेला मान परत घेतला, म्हणजे आपलीच जुनी चूक पुसली. ‘हा वंशसंहार आहे’ हे दुसरं वाक्य मात्र म्यानमारवर कृती नाही, कारण म्यानमारवर त्या संसदेचा अधिकार चालत नाही. ती एक साक्ष आहे. साक्षीचं मोल आहेच. बळीला कोणीतरी ‘तुझं खरं आहे’ म्हणणं ही लहान गोष्ट नव्हे. पण ते वाक्य कृती होऊ शकतं एकाच ठिकाणी : आपल्या स्वतःच्या सरकारवर. १९४८ चा वंशसंहारविरोधी करार सही करणाऱ्या देशांवर प्रतिबंधाचं कर्तव्य टाकतो. शब्द उच्चारला की कर्तव्य दाराशी येऊन उभं राहतं. म्हणूनच सरकारं तो शब्द उच्चारायला वर्षं घेतात.

या मापाने कॅनडाला थोडे गुण द्यावे लागतील. ठरावाच्या आधीच, मे २०१८ मध्ये, तिथल्या सरकारने तीन वर्षांसाठी तीस कोटी कॅनेडियन डॉलर जाहीर केले होते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१७ मध्ये अनेक खासदारांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहून म्यानमारच्या लष्कराला दिलं जाणारं प्रशिक्षण बंद करा म्हटलं, आणि ते त्याच महिन्यात स्थगित झालं. रक्कम फुटकळ होती, पण पत्ता बरोबर होता. आणि सगळ्यांत मोठं काम केलं ते गांबिया नावाच्या चिमुकल्या आफ्रिकी देशाने. नोव्हेंबर २०१९ मध्ये तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, आणि जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने म्यानमारला रोहिंग्यांच्या संरक्षणाचे अंतरिम आदेश दिले.

आता गुण कापण्याची जागा. ३९४ हात वर करणं सोपं. २०२३ मध्ये बांगलादेशच्या छावण्यांत माणशी महिन्याचं अन्नसाहाय्य १२ डॉलरवरून मार्चमध्ये १० वर आणि जूनमध्ये ८ वर आणावं लागलं, कारण देणाऱ्या देशांचे पैसे आटले. आठ डॉलर म्हणजे तेव्हाचे साडेसहाशे रुपये, महिन्याला. ‘वंशसंहार’ हा जगातला सर्वांत जड शब्द ज्यांच्याबद्दल वापरला, त्यांच्या ताटातलं चार डॉलरचं अन्न पाच वर्षांत कमी झालं. ठराव वाचताना मला हा आकडा बाजूला लिहून ठेवावासा वाटतो.

आणि आपलं काय? न्याय करायचा तर पुरता करू. बालीनंतर आठवड्याच्या आत भारताने बांगलादेशातल्या निर्वासितांसाठी ‘ऑपरेशन इन्सानियत’ नावाने धान्य पाठवलं. २०१९ मध्ये राखाइनमध्ये अडीचशे घरं बांधून दिली. म्हणजे सरकारचा हात अगदीच आखडलेला नव्हता. पण २०२० मध्ये आपण म्यानमारच्या नौदलाला एक पाणबुडीही दिली. यावर संसदेत कडाडून चर्चा झाली असं तुम्हाला आठवतं का? आणखी एक. भारतात निर्वासितांसाठी कायदाच नाही. कोणाला आसरा द्यायचा, कोणाला परत पाठवायचं, कोणत्या पद्धतीने, हे सगळं सरकारच्या मर्जीवर. शशी थरूर यांनी २०१५ मध्ये आश्रयाबाबत खासगी विधेयक मांडलं, २०२२ मध्ये पुन्हा मांडलं. कायदा झाला नाही. त्यातलं कलम न् कलम मान्य करा असं मी म्हणत नाही. कडक कायदा करा हवं तर. पण कायदा करणं हे तरी कायदे करणाऱ्यांचं काम आहे ना? बालीच्या वाक्यापेक्षा मला ही रिकामी जागा जास्त बोलकी वाटते.

माप कुठून आणायचं, असं विचाराल तर मी हेगला जाणार नाही. या दोन तालुक्यांत दोन मापं आहेत.

पहिलं पेणचं. विनोबा गागोद्याचे. भूदानात त्यांनी काय केलं? गरिबीचा निषेध करा, असं जमीनदारांना सांगितलं नाही. समोर बसलेल्याला विचारलं, तू किती देतोस? सहावा हिस्सा दे. मिळालेल्या जमिनीपैकी पुष्कळशी निकृष्ट निघाली, बरीच वाटलीच गेली नाही, ही टीका खरी आहे. त्यातून शिकायचं ते हे की, शब्द दिल्यावर सातबारा उतरला का, हेही बघावं लागतं. पण प्रश्नाचा रोख बरोबर होता. जो समोर आहे आणि ज्याच्या हातात काही आहे, त्याला विचारायचं.

दुसरं रोह्याचं. चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नात्याचा, बालपण रोह्यात. १९५२ मध्ये ते आपल्याच कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर गेले, देशाचे अर्थमंत्री होते. मुंबईचा निर्णय ज्या रीतीने झाला आणि मुंबईत पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली त्याची चौकशी नाकारली गेली, म्हणून जुलै १९५६ मध्ये ते मंत्रिपद सोडून बाहेर पडले आणि लोकसभेत उभं राहून नेहरूंच्या तोंडावर कारणं सांगितली. ते प्रकरण घरचं होतं, परदेशचं नव्हे, हे मला कळतं. मी ते आणतोय एवढ्यासाठी की, लोकप्रतिनिधीच्या शब्दाला वजन कशाने येतं ते त्यात दिसतं. ते आपल्याच सरकारला बोलले आणि बोलण्याची किंमत खुर्चीने चुकवली. आवाज चढवलाही नव्हता म्हणतात. गरज नव्हती.

रोह्याच्या बैठकीत एका तरुणाने शेवटी प्रश्न विचारला, तो इथे द्यायलाच हवा. तो म्हणाला, ‘सर, तळियेवर दरड कोसळली, इर्शाळवाडी गाडली गेली. आपल्याच माणसांचं पुनर्वसन करताना दमछाक होते. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं नाही का हे?’

प्रश्न रागाने विचारलेला नव्हता, कळवळ्याने विचारलेला होता. माझं उत्तर असं. पैशाच्या बाबतीत तुझी शंका खरी आहे. तिजोरी एकच असते, अग्रक्रम ठरवावेच लागतात. पीटर सिंगर या तत्त्ववेत्त्याने १९७१ च्या बंगाली निर्वासितांकडे बघून एक प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याचं म्हणणं की अंतराने कर्तव्य कमी होत नाही. मी त्याच्या टोकापर्यंत जात नाही. जवळच्याचा हक्क थोडा जास्त, हे मला मान्य आहे. पण बालीत भारताने जे नाकारलं त्याला एक रुपयाही लागणार नव्हता. तळियेच्या घरांचं एक कौलही त्याने कमी झालं नसतं. आणि दुसरं असं बघ : जो खासदार दूरच्या माणसांबद्दल आपल्या सरकारला अवघड प्रश्न विचारू शकत नाही, तो तळियेबद्दल विचारील, ही खात्री कुठून आणतोस? प्रश्न विचारायची सवय एकच असते. सरकारपुढे गप्प बसायची सवयही एकच.

तो म्हणाला, विचार करतो. तेवढं पुरे आहे.

तेव्हा शेवटी एवढंच सांगतो. पुढच्या वेळी कुठल्याही संसदेचा, आपल्या किंवा परक्या, असा ठराव वाचनात आला तर तीन गोष्टी बघा. त्यात स्वतःच्या सरकारला उद्देशून एक तरी वाक्य आहे का? काय बंद करणार आणि काय उघडणार, शस्त्रं, पैसा, दार, याबद्दल क्रियापद आहे का, की नुसती विशेषणं आहेत? आणि वर्षभराने त्याच सभागृहात कोणी विचारलं का, की त्या ठरावाचं पुढे काय झालं? शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं, आणि ते फक्त खासदारांवर सोडायचं कारण नाही. आपले खासदार गणपतीत येतात, पालखीला येतात, उद्घाटनाला येतात. त्यांना गटाराबद्दल विचारा, दरडीबद्दल विचारा, आणि एकदा सहज हेही विचारा की, निर्वासितांच्या कायद्याबद्दल तुमचं मत काय? उत्तर काय येतं ते महत्त्वाचं आहेच, पण मतदारसंघातून हा प्रश्न आला होता, हेही त्यांच्या लक्षात राहील.

इथे थांबतो. मतभेद असतील तर लेखी पाठवा, पुढच्या बैठकीत घेऊ.